आकडेबाज!

मिशी ठेवायची म्हणजे काही करायचंच नसतं, दाढी करताना तेवढा पट्टा सोडून दिला की झालं, असा एक गोड गैरसमज तमाम गुळगुळीत पुरुषांमध्ये आहे. बॉस, तसं नसतं! साधी मिशी, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या सरांची असायची तशी, ती कदाचित आपोआप येत असेल. मी म्हणतोय ती आकडेबाज. नाकाखाली मधोमध भांग पाडलेली, दोन्ही बाजूंनी गालावर चढणारी आणि टोकाला गळासारखी वर वळलेली. जुन्या फौजी फोटोंमध्ये दिसते ना, ती. ही मिशी म्हणजे दुसरी नोकरी आहे. आणि तिला वीकेंड नाही.

तसं मराठीत मिशीचं खातं एकदम श्रीमंत. झुपकेदार, पिळदार, तलवारकट, माशीकट, कोरलेली... मिशीवर ताव मारता येतो, मिशीला पीळ देता येतो, मिशीतल्या मिशीत हसता येतं, पैज हरलात तर मिशी उतरवून देता येते. आणि ज्याची मिशी खरोखर सॉलिड, त्याच्या मिशीवर म्हणे लिंबू उभं राहतं. आपल्या पिढीच्या वाट्याला यातलं फक्त मिसरूड फुटणं आलं आणि त्यानंतर थेट ट्रिमर. मध्ये दाढीची लाट येऊन गेली, पण दाढी सोपी असते हो. दाढीत सगळं लपतं. मिशीत लपायला जागाच नाही.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते एका फोटोमुळे. घरातले जुने फोटो स्कॅन करायचं काम पप्पांनी माझ्यावर टाकलं होतं. त्यात आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, फौजेतला फोटो निघाला. बेळगावातला स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर खांब आणि कारंजं, पुढे युनिफॉर्ममधले वीस-एकवीस वर्षांचे आबा. फोटो जेमतेम पोस्टकार्डाएवढा. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला आणि मी फ्लॅट! मिशीतला केस न् केस जागेवर. डावं टोक उजव्यापेक्षा नखभर वर. आबा डावखुरे होते असं आजी सांगायची. आबांना मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ते गेले. पण त्या नखभर फरकातून मला एकदम आरशासमोर उभा असलेला एक पोरगा दिसला. म्हटलं, हे आपल्याला जमलंच पाहिजे.

आता हिशोब ऐका. चेहऱ्यावरचा केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. आकडा वळायचा तर टोकाला निदान सहा-सात सेंटिमीटर माल हवा. म्हणजे सहा महिने! कुठलाही टीम लीड ओरडून ही डेडलाइन अलीकडे आणू शकत नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे जेवण अर्ध्या तासात येतं आणि किराणा दहा मिनिटांत. सहा महिने लागणारी शेवटची गोष्ट तुम्ही कधी केली होतीत, आठवून बघा.

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी तर पहिल्याच दिवशी दम दिला. ‘दोन म्हैने माझ्याकडं नुसतं डोक्याचे केस कापायला यायचं. मिशीकडं बघायचं बी न्हाई.’ तिसऱ्या आठवड्यात माणूस आजारी दिसतो. सहाव्या आठवड्यात केस तोंडात यायला लागतात आणि बहुतेक जण इथेच कात्री उचलतात. उचलायची नाही. नाकाच्या बरोबर खालचे बोटभर केस ओठाच्या रेषेवर हलकेच कापायचे, बाकीच्यांना फक्त बाहेरच्या बाजूला विंचरत राहायचं. सकाळ-संध्याकाळ, बारीक दातांच्या कंगव्याने. चौथ्या महिन्यात केसांना कळतं की हा काही ऐकणारा नाही, आणि मग ते वळतात.

वळवायला लागतं मेण. बाजारात मिश्यांचं मेण मिळतं, पण एवढ्याशा डबीची किंमत बघून मी घरीच प्रयोगशाळा उघडली. मधमाश्यांचं मेण मी महाबळेश्वरच्या एका मधवाल्याकडून आणतो. (महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तो सगळा टापूच मधाचा.) हे मेण साधारण ६३ अंशांना वितळतं. त्यामुळे पातेलं थेट गॅसवर नाही, गरम पाण्यात वाटी ठेवायची, दोन भाग मेण, एक भाग खोबरेल तेल. वितळलं की बामच्या रिकाम्या डबीत ओतायचं, आधी डबी नीट धुवून! मी पहिल्यांदा कंटाळा केला आणि दिवसभर डोळ्यांतून पाणी. एप्रिलमध्ये मात्र हे प्रमाण कोसळतं. पुण्यातलं दुपारचं ऊन लागलं की टोकं अशी गळतात, जणू परीक्षेचा निकाल लागलाय. उन्हाळ्यात तीनास एक घ्यावं. नखाने मेण खरवडायचं, अंगठा आणि तर्जनीत मळून मऊ करायचं, मधून टोकाकडे ओढत न्यायचं, शेवटी पीळ देऊन पेन्सिलीवर गुंडाळायचं आणि तीसपर्यंत आकडे मोजायचे. माझी बायको रोज सकाळी हे बघते. तिने सहा महिन्यांत फक्त एकदाच तक्रार केली, ‘टोचते.’ विषय संपला. तेव्हापासून रात्री मेण धुऊन झोपायचं, असा तह झाला.

जुन्या लोकांनी तर यापुढच्या भानगडी केल्यात. जर्मनीचा कैसर, दुसरा विल्हेल्म, त्याच्या मिशीची टोकं सरळ डोळ्यांकडे बघायची. त्याचा न्हावी फ्रान्स्वा हाबी याने मिशीचं मेण विकायला काढलं, त्याचं नावच होतं ‘साध्य झालं!’ अशा अर्थाचं. शिवाय मिशी आकारात राहावी म्हणून तोंडावर बांधायची खास पट्टी मिळायची. तिकडे इंग्लंडात मिशीवाल्यांसाठी कप निघाला. आत अर्धचंद्रासारखी पट्टी, मिशी तिच्यावर टेकते, चहा खालच्या फटीतून येतो. मेण चहात वितळू नये म्हणून! आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर असले लाड नाहीत. मी मिशी एका बोटाने उचलून बशीतून फुरका मारतो. मिसळीला मात्र तोड नाही. म्हणजे तोडगाच नाही. कट आणि मिशी यांचं जन्माचं वैर आहे.

पण मला उत्सुकता वेगळीच होती. आबांसारख्या शिपायाच्या तोंडावर ही मिशी आली कुठून? वाचायला लागलो तर मजाच मजा. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्यानंतर ३६ वर्षांनी, १८५४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात गोऱ्यांना मिशी सक्तीची झाली! इथल्या लोकांना सफाचट तोंडाचा गोरा मर्द वाटत नव्हता म्हणे. म्हणजे राज्य त्यांनी घेतलं आणि मिशी आपण त्यांना चिकटवली. पुढे खुद्द ब्रिटिश लष्करात नियमच होता की हनुवटी आणि खालचा ओठ भादरायचा, वरच्या ओठाला वस्तरा लावायचा नाही. हा नियम थेट १९१६ च्या ऑक्टोबरपर्यंत चालला. तो रद्द करणाऱ्या सेनापतीला, नेव्हिल मॅक्रेडीला, स्वतःची मिशी अजिबात आवडत नव्हती. ऑर्डरवर सही केली आणि त्याने मिशी उडवली.

ऑफिसात माझं स्वागत कसं झालं, तेही सांगतो. पहिला महिना ‘बरं नाहीये का?’ दुसरा महिना ‘पैज हरलास का?’ चौथ्या महिन्यापासून ‘अभिनंदन!’ कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये. विंग कमांडर अभिनंदन २०१९ मध्ये पाकिस्तानातून परतले, तेव्हापासून प्रत्येक मोठी मिशी ही त्यांचीच. त्यांची कल्ल्यांपर्यंत जाते, माझी गालावरच वळते, हे समजावून सांगणं मी सोडून दिलं. आता फक्त ‘थँक्यू’ म्हणतो. कधीकधी खरंच बढती मिळाल्यासारखं वाटतं.

मग एचआर मॅडमचा फोन. परदेशी क्लायंटसमोर जायचंय, तर ‘ग्रूमिंग’बद्दल थोडं बोलू या का? पॉलिसी आम्ही दोघांनी मिळून वाचली. ‘नीटनेटके’ एवढंच लिहिलेलं. मी म्हटलं, मॅडम, या फ्लोअरवर रोज पंधरा मिनिटं चेहऱ्यावर खर्च करणारा पुरुष दुसरा दाखवा. त्या हसल्या, प्रकरण मिटलं. सगळ्यांचं मिटत नाही. मध्य प्रदेशाचंच बघा. २००४ मध्ये तिथल्या झाबुआ जिल्ह्यात पोलिसांनी मिशी ठेवावी म्हणून महिन्याला तीस रुपये जास्त मिळत होते. आणि २०२२ च्या जानेवारीत त्याच राज्यात पोलीस खात्यातल्या एका ड्रायव्हरला मिशी कापायला नकार दिला म्हणून निलंबित केलं. गाजावाजा झाल्यावर काही दिवसांत परत घेतलं. मिशी वरिष्ठांना आवडली तर शान, नाही आवडली तर बेशिस्त. फंडा क्लिअर आहे.

पण खरी गंमत व्हायची होती ती कॉफी मशीनपाशी. दुसऱ्या टीममधला एक जण, चांगला मुलगा, माझ्याशी क्रिकेट खेळतो, मिशीकडे कौतुकाने बघत म्हणाला, ‘भाई, एकदम पाटील दिसतोयस! आडनाव काय रे तुझं?’ तीन वर्षांत त्याला माझं आडनाव लागलं नव्हतं. मी सांगितलं. त्याने एक क्षण मनात काहीतरी जुळवून बघितलं, जुळलं नाही. मी म्हटलं, ‘मिशी आजोबांची आहे. आर्मीत होते.’ त्याचा चेहरा खुलला. ‘मराठा लाइट इन्फंट्री?’

‘नाही. महार रेजिमेंट.’

मशीनमधून कॉफी पडत होती तेवढाच आवाज. वाईट काहीच बोलला नाही तो. ‘अरे वा’ म्हणाला आणि स्टरर शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने मेणाची रेसिपीही मागितली. पण मी त्या दिवशी डेस्कवर बसून बराच वेळ विचार करत होतो की याला मी कालपर्यंत पाटील का वाटत होतो. ओठावरच्या सात सेंटिमीटर केसांमुळे?

मुंबई सैन्यात महार सैनिक कंपनीच्या काळापासून होते. १८९० च्या दशकात सरकारने त्यांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात थोडे दिवस दार उघडलं, पुन्हा लागलं. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी आबा साताऱ्याकडच्या आमच्या गावातून तिकडे पोचले. गावात आमच्या वस्तीतल्या माणसाने मिशी ठेवली तरी खाली पडलेली ठेवायची, पीळ द्यायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज. तो कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

तर वर वळलेली मिशी घेऊन आबा पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा काय झालं? घरात याची दोन व्हर्जन्स आहेत. काकांच्या व्हर्जनमध्ये आबा युनिफॉर्मात पारासमोरून छाती काढून चालत गेले, कुणीतरी हटकलं, आणि आबांनी मिशीवर ताव देऊन असं उत्तर दिलं की अख्खा पार गप्प. काय उत्तर दिलं, ते काकांना दर वेळी वेगळं आठवतं. शाळेत असताना मला हेच व्हर्जन पाठ होतं.

दुसरं व्हर्जन आजीचं. ते तिने मला मी कॉलेजात जायच्या सुमारास सांगितलं. ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘कशाचं उत्तर न् कशाचं काय. तुजा आजा शिवंवर आला की वढ्यात त्वांड धुवायचा. मेण का काय ते समदं निगायचं. मग मिशी अशी, खाली. सुट्टी सपली की ठेसनात पुन्ना वर.’

म्हणजे स्टुडिओतल्या फोटोत दिसते ती मिशी ओढ्याच्या अलीकडे कधी आलीच नव्हती. चौदा वर्षं!

मग १९५६ चा ऑक्टोबर आला. नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आबांना त्या वेळी रजा मिळाली नाही, ते दिवाळीला घरी आले. त्या खेपेला मिशी वर होती. आजीने घाबरून विचारलं, त्वांड नाही धुतलं? तर म्हणाले, वढ्याला पाणीच नव्हतं. ‘पावसाळा सरून चार दिस झालेलं. वढा दुथडी वाहत हुता,’ आजी सांगायची आणि इथे पहिल्यांदा हसायची. पारावरची माणसं नुसती बघत राहिली, बोललं कुणीच नाही. तरी आठ दिवस आजी दाराला आतून खाट लावून झोपली.

यंदा १४ एप्रिलला जयंतीसाठी गावी गेलो तेव्हा काकांनी मिशी बघितली आणि पहिलं वाक्य, ‘झकास! पण आरं, पाराकडनं जाताना उगं पीळ दिऊ नगंस.’ हे तेच काका, छाती काढून चालणाऱ्या व्हर्जनवाले. मला हसू आलं, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी कसं म्हणू? २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यात, लिंबोदरा गावात, मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याची तक्रार झाली होती. त्यानंतर तिथल्या कितीतरी पोरांनी व्हॉट्सअॅपच्या डीपीवर मिशीचं चित्र लावलं, खाली ‘मिस्टर दलित’. हे १९४२ मधलं नाही. तेव्हा माझ्या हातातही स्मार्टफोन होता.

मी पाराकडूनच गेलो. दुसरा रस्ता आहे, पण तो लांबचा. एक म्हातारबा बसले होते, तंबाखू मळत. ‘कुनाचा रं तू?’ मी आबांचं नाव सांगितलं. ‘हां... त्यो मिल्ट्रीवाला.’ मिशीकडे बराच वेळ बघितलं, मग पुन्हा तळहाताकडे. बस, एवढंच. त्या रात्री काका मात्र पडवीत, दाराशी झोपले. उकडतंय म्हणून, असं म्हणाले.

या सगळ्यात पप्पा काहीच बोलले नव्हते. पप्पा बँकेतून रिटायर झालेत. त्यांना मी एकही दिवस दाढी न केलेलं पाहिलेलं नाही, रविवारीसुद्धा साडेपाचला गरम पाणी, ब्रश, फेस. मिशी कधीच नाही. मला वाटायचं, बँकेची शिस्त असेल. गावाहून परतताना खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं, तेव्हा मी विचारलं, ‘पप्पा, तुम्ही का नाही ठेवली कधी?’

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘आपल्या घरात दोन फोटो होते. एक आबांचा, एक बाबासाहेबांचा. सूट, टाय, गुळगुळीत चेहरा. आबांना गावाला दाखवायचं होतं. मला गावाकडे बघायचंच नव्हतं रे. मला त्या दुसऱ्या फोटोसारखं दिसायचं होतं.’ मग थोड्या वेळाने, ‘पहिल्या पगारात टाय घेतला होता. बांधता येत नव्हता.’

ट्रॅफिक हललं. मी गाडी गिअरमध्ये टाकली. आरशात बघितलं तर घाटातल्या उन्हाने माझं डावं टोक पार गळालेलं. पप्पांनी डॅशबोर्डवरची बामची डबी उघडली, वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, ‘मेण कमी पडतंय तुझं.’

लिंबाचा प्रयोग आम्ही हल्ली दर रविवारी करतो. बायको मोबाइलवर व्हिडिओ घेते. बाजारातलं कागदी लिंबू जड जातं, दोन सेकंदही टिकत नाही, गडगडत सोफ्याखाली जातं. परवा पप्पा मंडईतून आले ते पिशवीत हात घालून काहीतरी शोधत. अर्धा तास ढिगात निवडून आणली होती म्हणे, अगदी बोराएवढी, बारकी लिंबं. भाजीवाली ओरडली असेल नक्की. एक माझ्या हातावर ठेवलं, चष्मा पुसला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

‘डावीकडे ठेव,’ म्हणाले.